जिनिंगची धूळ, डाळमिलची धूळ आणि दीडशे वर्षांचा हिशोब

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरातलं कुणी जिनिंगवर, डाळमिलमध्ये, ऑइल मिलमध्ये किंवा एमआयडीसीत कामाला जातं, त्यांनी वेळ काढून वाचावी. मिलमालक मित्रांनी तर नक्की वाचावी, कारण यात शिव्या कमी आणि कामाच्या गोष्टी जास्त आहेत.

आपल्याकडे कापसाचा हंगाम सुरू झाला की पेपरात एक बातमी ठरलेली असते. अमुक गावाजवळच्या जिनिंगला आग, लाखोंचा कापूस खाक, अग्निशमनचे बंब दाखल, शॉर्टसर्किट असावे असा प्राथमिक अंदाज. हा प्राथमिक अंदाज मी लहानपणापासून वाचत आलोय. त्यानंतरचा पक्का अंदाज मात्र फारसा कधी वाचायला मिळाला नाही. वायर जळाली असेलही, पण त्या ठिणगीला खायला काय मिळालं, हे कुणी विचारत नाही. बऱ्याचदा ते खाद्य म्हणजे धूळ असते. रुईचा उडालेला तंतू, डाळीचं पीठ, सरकीच्या पेंडीचा भुगा. आपण तिला कचरा समजतो आणि ती असते जळण.

ही गोष्ट नीट समजायला थोडं मागं जावं लागेल.

खानदेशात यंत्र आलं ते कापसाच्या मागे

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी बसल्या आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात जीआयपी रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली. जळगाव हे तोपर्यंत साधंच गाव, ते बघता बघता कापसाची पेठ झालं. वाफेवर चालणारे जिन आले, प्रेस आले. १८७० च्या दशकात जळगावात खान्देश स्पिनिंग अँड विव्हिंग मिल उभी राहिली. पुढे अमळनेरला प्रताप मिल आली. धुळ्यालाही मिल आली.

मिलचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवा. पण मिलच्या भोंग्याच्या आधी आणि नंतरही खानदेशात सगळ्यात जास्त हात राबले ते जिन-प्रेसमध्ये. हंगामी काम, निम्म्याहून जास्त बाया, आणि डोळ्यासमोर कायम पांढरं धुकं. कपाशी रोलरवर टाकायची, रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे आणि तंतू सगळीकडे. नाकात, केसात, आढ्यावर, दिव्यावर.

कायद्याने आधी आपल्याला मोजलंच नाही

हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. तो कुणाला लागू? जिथं यंत्रशक्ती आहे, शंभर किंवा जास्त माणसं आहेत आणि काम वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त चालतं, त्यांना. आता जिनिंग म्हणजे हंगामाचा खेळ. त्यामुळे खानदेशातले बहुतेक जिन अलगद बाहेर राहिले.

त्यानंतर १८८४-८५ ला मुंबई सरकारने कमिशन नेमलं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं, ते याच कमिशनच्या वेळी. मुंबईच्या गिरण्यांची चर्चा खूप झाली, पण याच कमिशनपुढे खानदेशातल्या जिन-प्रेसबद्दलही साक्ष झाली. पहाटे चार-पाचला सुरू झालेलं काम रात्री आठ-नऊपर्यंत, आणि गर्दीच्या दिवसांत त्याच माणसांकडून रात्रंदिवस काम. ती वाचताना मला एकच गोष्ट दिसते. रात्र आहे, म्हणजे दिवा आहे. उघड्या ज्योतीचा दिवा, हवेत कापूस, आणि दोन-दोन दिवस न झोपलेली माणसं.

पुढचा आकड्यांचा प्रवास बघा. १८९१ च्या कायद्यात शंभराची अट पन्नासवर आली. १९११ मध्ये हंगामी कारखाने कायद्याखाली आले, म्हणजे पहिल्या कायद्यानंतर तब्बल तीस वर्षांनी. १९२२ मध्ये अट वीस माणसांवर आली. १९३४ च्या कायद्याने हंगामी कारखान्यांचा वेगळा गट केला. बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास, हंगामीत ६०. म्हणजे जिनमधल्या बाईचा दिवस मिलमधल्या माणसापेक्षा कायद्यानेच लांब. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने कायदा आला, त्याने हंगामी आणि बारमाही हा भेद काढून टाकला आणि यंत्रशक्ती असेल तर दहा माणसांना कारखाना मानलं.

शंभर, पन्नास, वीस, दहा. सत्तर वर्षं लागली हा जिना उतरायला.

मग २०१५ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती करून दहाचे पुन्हा वीस केले. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या नव्या कामगार संहितेतही वीस हाच आकडा आहे. धंदा सोपा व्हावा हे कारण सांगितलं गेलं, आणि छोट्या उद्योजकाला कागदांचा जाच होता हे मी नाकारत नाही. पण आपल्या जिल्ह्यातली छोटी डाळमिल, बेसन मिल, पशुखाद्याचं युनिट यांची हजेरी बघा. कितीजण वीसच्या आत बसतात? आणि हमाल व झाडूवाल्या बाया ठेकेदाराच्या वहीत असतील तर?

धूळ हजेरीपट बघून पेटत नाही.

१७८५, तुरीनची बेकरी

धूळ स्फोट घडवते हे जगाला कधी कळलं? इटलीतल्या तुरीन शहरात १४ डिसेंबर १७८५ ला एका बेकरीच्या कोठारात स्फोट झाला. एक पोरगा खालच्या खोलीत पीठ भरत होता, वरच्या कोठारातून पीठ खाली येत होतं, भिंतीवर दिवा लावलेला होता. अचानक वरून पिठाचा लोट कोसळला आणि भडका उडाला. पोराचा चेहरा आणि हात भाजले, दुसऱ्याने उडी मारली त्याचा पाय मोडला. काउंट मोरोझ्झो नावाच्या गृहस्थाने त्याची नीट चौकशी करून टिपण लिहिलं. त्यात त्याने एक कारण नोंदवलं ते आपण खानदेशी माणसांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे: पाच-सहा महिने पाऊस नव्हता, पीठ नेहमीपेक्षा फार कोरडं होतं.

आपल्याकडे मार्च ते मे काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो, हवेत ओल म्हणून राहत नाही. अशा हवेत धूळ कोरडी, हलकी, आणि घर्षणाची वीजही लवकर साचते.

त्यानंतर १८७८ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला वॉशबर्न यांची पिठाची गिरणी उडाली, १८ माणसं गेली. १९११ च्या नोव्हेंबरात लिव्हरपूलला बिबी कंपनीच्या गिरणीत स्फोट झाला, सुमारे चाळीस माणसं गेली. ही बिबीची गिरणी कशाची? गुरांच्या पेंडीची. आपल्याकडे सरकीची ढेप बनते ना, तसलाच धंदा. त्यानंतर ब्रिटनमध्ये कोणकोणती धूळ किती पेट घेते याचा पद्धतशीर अभ्यास झाला. १९३७ च्या ब्रिटिश कायद्यात स्फोटक धुळीचं कलम होतं आणि त्याच धर्तीवर आपल्या १९४८ च्या कायद्यात कलम ३७ आलं.

कलम ३७ काय सांगतं

साध्या मराठीत सांगतो. ज्या कारखान्यात स्फोट होऊ शकेल अशी धूळ तयार होते तिथं तीन गोष्टी करा. यंत्र बंदिस्त करा. धूळ साचू देऊ नका, साचली तर काढा. ठिणगीचं प्रत्येक कारण दूर ठेवा किंवा झाकून टाका. आणि यंत्र स्फोटाचा दाब सोसण्याइतकं मजबूत नसेल तर स्फोट पसरू नये म्हणून अडथळे आणि दाब बाहेर सोडणारी झडपं बसवा.

पंच्याहत्तर वर्षांपूर्वी लिहिलेलं आहे हे. आज जगभरचे तज्ज्ञ जाड जाड पुस्तकांत जे सांगतात त्याचं सार यात आहे. याच कायद्याच्या कलम २७ मध्ये कापूस दाबण्याच्या कारखान्यात ओपनर यंत्र चालू असेल त्या भागात बाया आणि मुलांना कामाला ठेवायला मनाई होती. मधे छतापर्यंत भिंत असेल तरच सूट. म्हणजे ती जागा धोक्याची, हे सरकारला पक्कं माहीत होतं.

एक मिलिमीटरचं गणित

"अहो, एवढ्याशा धुळीने काय होतंय?" हा प्रश्न मला नेहमी येतो. गणित करू.

समजा डाळमिलचं शेड वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद, पाच मीटर उंच. जमिनीवर, तुळयांवर, केबलच्या ट्रेवर मिळून सरासरी एक मिलिमीटर पिठाचा थर. पिठासारख्या धुळीचं वजन घनमीटरला साधारण ५०० किलो धरा. मग दर चौरस मीटरला अर्धा किलो आणि सगळ्या शेडमध्ये एक क्विंटल. हे एक क्विंटल हवेत उडालं तर दर घनमीटर हवेत १०० ग्रॅम. आणि पिठासारखी धूळ स्फोटक व्हायला घनमीटरला पन्नास-साठ ग्रॅम पुरतात. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दुप्पट काम.

"पण ती उडेल कशाला?" इथंच खरी मेख आहे. पहिला स्फोट बहुतेक वेळा छोटा असतो. एलिव्हेटरच्या बुटात, सायक्लोनमध्ये, हॉपरमध्ये. तापलेलं बेअरिंग, घसरून घासणारा पट्टा, मालाबरोबर आलेला खिळा. त्या छोट्या धक्क्याने शेड हादरतं आणि आढ्यावर वर्षभर साचलेली धूळ एकदम खाली येते. मागून ज्योत येतेच. हा दुसरा स्फोट माणसं मारतो.

अमेरिकेतल्या एका सरकारी सुरक्षा मंडळाने १९८० ते २००५ या काळातल्या धुळीच्या २८१ घटना मोजल्या, त्यात ११९ माणसं गेली. त्यानंतर तिथंच २००८ मध्ये साखर कारखान्यात १४ गेले. चीनमध्ये कुनशानला २०१४ मध्ये ॲल्युमिनियम पॉलिशिंगच्या धुळीने १४६ जणांचा बळी घेतला. पीठ, साखर, प्लॅस्टिक, कोळसा, लाकडाचा भुसा, ॲल्युमिनियम, सगळ्यांचा नियम एकच.

कापसाची तऱ्हा वेगळी

इथं एक फरक सांगतो, नाहीतर गैरसमज होईल. रुईचा लांब तंतू पिठासारखा धडाका करत नाही. तो धावतो. भिंतीवर, जाळीवर बसलेल्या तंतूवरून ज्योत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पळते, आणि माणसाला दारापर्यंत पोहोचायला वेळ मिळत नाही. दुसरं म्हणजे दाबलेल्या गाठीत आग लपते. बाहेरून गाठ थंड, आत निखारा. तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस धुमसत राहते.

याचा सगळ्यात मोठा धडा मुंबईने घेतलाय. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टायकिन जहाज. कराचीहून चढवलेल्या कापसाच्या सुमारे ८७०० गाठी आणि त्याच जहाजात जवळपास १४०० टन दारूगोळा. दुपारी कापसातून धूर दिसला. बंबांनी पाण्याचे लोंढे ओतले, पण आगीचं मूळ सापडेना. चार वाजून गेल्यावर जहाज उडालं. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान. दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो यांच्यासाठी.

२००० मध्ये केंद्राने कापसाचं तंत्रज्ञान मिशन आणलं, त्यातून आपल्याकडचे बरेच जिन सुधारले. डोक्यावर ओझी वाहणं कमी झालं, कापूस हवेच्या पाइपमधून जायला लागला. जमिनीवरची धूळ कमी झाली, हे चांगलंच. पण एक ध्यानात घ्या. रोलरवर दगड आपटून उडालेली ठिणगी पूर्वी तिथंच राहायची, आता तोच पाइप तिला क्षणात प्रेसपर्यंत नेतो. यंत्र बदललं की धोक्याची जागा बदलते, धोका जात नाही.

आजचा खानदेश

जळगावची डाळ देशभर जाते. दोंडाईच्याला मक्याचा स्टार्च बनतो. एमआयडीसीत चटईसाठी आणि पाइपासाठी प्लॅस्टिक दळलं जातं. दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळशाची पावडर करूनच बॉयलरमध्ये फुंकतात. म्हणजे धुळीच्या पोटात किती आग आहे याचा पुरावा आपल्या घरातला बल्बच देतो. तिथं ती आग काबूत ठेवलेली असते, एवढाच फरक.

स्टार्चचं एक उदाहरण. तैवानमध्ये २७ जून २०१५ ला एका वॉटर पार्कमध्ये रंगांचा कार्यक्रम होता. मक्याच्या स्टार्चचा रंगीत बुक्का पोरांवर उधळला, तो पेटला. १५ जण गेले, सुमारे ५०० भाजले. तिथं तर वर छतही नव्हतं.

आणि आपल्याकडचं दुःख ताजं आहे. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडीच्या रसायन कारखान्यात डझनभराहून जास्त माणसं गेली. एप्रिल २०२३ मध्ये साक्री तालुक्यात वासखेडीला वाढदिवसाच्या फुलबाजी मेणबत्त्या बनवणाऱ्या युनिटमध्ये चार महिला गेल्या. या दोन्ही घटना मी म्हणतोय त्या अर्थाने धुळीच्या नाहीत. पहिली रसायनांची, दुसरी ज्वलनशील दारूची. पण दोन्हींत मेले कोण? रोजंदारीवर गेलेली माणसं आणि जवळपासच्या गावातल्या बाया. आपण काय हाताळतोय हे त्यांना कुणी सांगितलं होतं का, हा माझा प्रश्न आहे.

मग करायचं काय?

मी एका मिलमध्ये गेलो होतो, नाव सांगत नाही. फरशी अगदी चकाचक. शेठ अभिमानाने म्हणाले, "दादा, रोज झाडतो." मी वर बघितलं. तुळईवर बोट रुतेल एवढा थर. तेव्हा पहिली गोष्ट:

१. खाली नाही, वर बघा. तुळया, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, केबल ट्रे, पत्र्याखालची जागा. पृष्ठभागाचा रंग ओळखू येत नसेल तर साफ करायची वेळ होऊन गेली आहे.

२. कॉम्प्रेसरची हवा मारून सफाई करू नका. ती सफाई नाही, धुळीला हवेत चढवणं आहे. धुळीसाठी बनवलेला व्हॅक्युम घ्या. परवडत नसेल तर मशीन बंद करून, हळू, मऊ झाडूने.

३. माल मशीनमध्ये जाण्याआधी चुंबक आणि चाळणी. खिळा, नट, खडा तिथंच अडवा.

४. बेअरिंगला वेळेवर ग्रीस. एलिव्हेटरचा पट्टा एका बाजूला घासतोय का, रोज बघा. जळका वास आला की आधी मशीन बंद करा, झाकण लगेच उघडू नका. आत निखारा असेल तर त्याला हवा मिळेल.

५. चालू मिलमध्ये वेल्डिंग, कटिंग बंद म्हणजे बंद. आधी मशीन थांबवा, आजूबाजूची धूळ काढा, पाणी तयार ठेवा, काम झाल्यावर तासभर माणूस बसवा.

६. मशीन आणि पाइपाला अर्थिंग. धूळबंद लाइट आणि स्विच.

७. पिठाच्या ढिगाला आग लागली तर जोराचा फवारा मारू नका, ढीग उधळेल. हलका तुषार मारा.

८. कापसाची गाठ संशयित वाटली तर गोदामातून बाहेर, इतर गाठींपासून लांब ठेवा आणि लक्ष ठेवा.

९. धूळ गोळा करणारी पेटी किंवा सायक्लोन शक्यतो शेडबाहेर, आणि दाब मोकळ्या जागेकडे निघेल अशी झडप. जिथं माणसं बसतात, डबा खातात, त्या बाजूला झडपेचं तोंड नको.

पहिल्या पाच गोष्टींना मोठं कर्ज काढावं लागत नाही. रोजच्या शिस्तीतच होतात.

मागणी कुणाकडे?

जुन्या कायद्याने राज्य सरकारला वीसपेक्षा कमी माणसांच्या जागेलाही कायदा लावायची मुभा दिली होती. नव्या संहितेतही धोकादायक काम असेल तर अधिसूचना काढून एका कामगारापर्यंत ती लावता येते. तेव्हा डाळ, बेसन, स्टार्च, पशुखाद्य, प्लॅस्टिक दळणारी युनिट्स आणि जिन यांना माणसं न मोजता धूळ मोजून यादीत घ्या, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे पक्ष न बघता व्हायला हवी. औद्योगिक सुरक्षा संचालनालयाने हंगामाआधी, म्हणजे दसऱ्याच्या आत, मालकांच्या संघटनेला बरोबर घेऊन तपासणी करावी. आणि आगीनंतरच्या पंचनाम्यात एक रकाना वाढवावा: धूळ किती आणि कुठे साचली होती. तो रकाना भरायला लागला की शॉर्टसर्किटचा प्राथमिक अंदाज आपोआप कमी होईल.

१८८१ मध्ये खानदेशच्या जिनमधली माणसं कायद्याच्या मोजणीत आली नाहीत, कारण तो कायदा महिने आणि डोकी मोजत होता. आज पुन्हा आपण डोकीच मोजतोय.

तुमच्या घरात कुणी जुन्या जिनवर, प्रेसवर, मिलमध्ये काम केलेलं असेल तर त्यांच्या आठवणी खाली लिहा. आगीच्या असोत की हंगामाच्या. आणि कुणी डाळमिल चालवत असेल तर उद्या सकाळी फक्त एक शिडी लावून वरच्या तुळईवर बोट फिरवून बघा, काय सापडलं ते पण लिहा.